रिकाम्या ओळीतले मास्तर

४ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. (गुडघे कुरकुरतात, तेव्हा साष्टांग मनातल्या मनात घातलाय. गोड मानून घे.)

तुझं पत्र पोचलं. सूनबाईने तुला बागेत बसायला खुर्ची आणली हे वाचून बरं वाटलं. आता त्या खुर्चीतच बस आणि मग पुढचं वाच, उभ्याने वाचण्यासारखं हे नाही. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. शिवाय शेजारी कान लावून बसलेलेच असतात.

आपल्या चौकात पुतळा बसणार आहे. मास्तरांचा! अगं हो, आपल्याच त्या लंगड्या मास्तरांचा. काल नगरपालिकेत सभा झाली, जुनी रहिवासी म्हणून मलाही बोलावणं होतं. अध्यक्षांनी घसा खाकरून जाहीर केलं, की उठावाच्या काळात ज्या महापुरुषाने या गावाला जागं ठेवलं, वर्दीवाल्यांना सळो की पळो करून सोडलं आणि शेवटपर्यंत कोणाच्या हाती लागला नाही, त्याचा पूर्णाकृती पुतळा जुन्या छापखान्यासमोर उभा करायचा. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या गं, हात आपोआप गेले! अर्ध्यात लक्षात आलं, की आपण कोणासाठी वाजवतोय, आणि हात तसेच जोडलेले राहिले. शेजारच्या बाईंना वाटलं मी नमस्कार करतेय, म्हणून त्यांनीही केला.

वहिनी, एक खात्री करून सांग. मास्तर नव्हतेच ना? तू आणि मी, छापखान्याच्या मागच्या खोलीत अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता त्यांना जन्माला घातलं ना? कालची सभा ऐकून माझाच माझ्यावरचा विश्वास उडालाय. आठवणींना नुसता ऊत आला होता. लाकडाच्या वखारीतल्या आजोबांनी म्हणे मास्तरांना ओंडक्यांच्या ढिगात लपवलं होतं. निवृत्त पोस्टमनकडे मास्तर जेवून गेले, आणि पुन्हा मागून घेतलं. शाळेच्या हेडबाईंना त्यांनी लहानपणी गणित शिकवलं. हेडबाईंचं गणित किती कच्चं आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक, त्यामुळे मास्तरांची विनाकारण बदनामी झाली.

भांडण लागलं ते पायावरून. पुतळ्याचा कोणता पाय लंगडा दाखवायचा? म्हातारा न्हावी म्हणतो उजवा. बेकरीवाल्या बाई म्हणतात डावा. दोघंही इतकी हातघाईवर आली, की सभा तहकूब करावी लागली.

इथपर्यंत मी हसत होते. मग दारातून बाहेर पडताना सगळ्यांना पुस्तक वाटलं. आपल्या गावाच्या उठावाचा इतिहास, कॉलेजातल्या प्राध्यापकांनी लिहिलेला. ते सोबत पाठवतेय. उघडण्याआधी पाणी पी. मास्तरांवर चांगली पंचवीस-तीस पानं आहेत, आणि त्यातल्या एका पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, माझा दादा आहे. मीच उतरवून देते, तुझ्या डोळ्यांना त्रास नको: "याच सुमारास एका छापखान्यातील वेडसर कामगाराने आपणच मास्तर असल्याची बतावणी केली. तो पुढे तुरुंगात तापाने मेला." मेला, वहिनी. वारला म्हणायलासुद्धा या माणसाच्या पेनात शाई नव्हती.

काय करायचं ते तू सांग. तुझा माणूस आहे.

लोभ कमीजास्त करण्याचं आपलं वय गेलं, आहे तेवढा सांभाळून ठेव.

तुझी,
नणंद


११ फेब्रुवारी

प्रिय वन्संस,

स. न. वि. वि. (आज प्रेमासोबत थोडा संतापही पाठवतेय. तो तुमच्यावर नाही, तेव्हा घाबरू नका.)

मास्तर नव्हते. वाटलं तर भिंतीवर लिहून ठेवा आणि रोज वाचा.

त्या दिवशीच्या पत्रकात खाली जागा उरली होती. मामंजींचा दंडक तुम्हाला आठवत असेल, पान रिकामं सोडायचं नाही. रिकामी जागा म्हणजे गिऱ्हाइकाला लुबाडणं, असं ते लग्नपत्रिकेच्या बाबतीतही म्हणायचे. जिवावर उदार होऊन चोरून पत्रक छापत होतो, तरी तो दंडक काही आपल्याच्याने मोडवला नाही. हे तिकडे मशीनवर पाय मारत उभे. ओरडून म्हणाले, बायांनो, पान भरा लवकर, शाई वाळतेय. मग मी हाताला लागतील ते खिळे उचलून जुळवलं, की काल मास्तर गावात येऊन गेले आणि त्यांनी सर्वांना धीर धरायला सांगितलं आहे. कोण मास्तर, कुठले मास्तर, मला तरी काय ठाऊक! तरीही ओळीत दोन शब्दांची फट राहिलीच. तुम्ही म्हणालात, घाल 'किंचित लंगडत'. का, तर त्या दिवशी तुमच्या पायाला नवी चप्पल चावत होती. एवढाच त्या महापुरुषाचा जन्म.

मग आपल्याला चटकच लागली. जागा उरली, की मास्तर. मास्तर पुलाखाली दिसले, मास्तरांनी फौजदाराच्या टोपीत चिठ्ठी टाकली. लोक पत्रक खालून वर वाचायला लागले. मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू?

आणि मग वर्दीवाल्यांनी गावातले झाडून सगळे लंगडे उचलले. बँडमधला ढोलवाला उचलला, शाळेचा शिपाई उचलला, फौजदाराचा स्वतःचा सासराही कोणीतरी उत्साहाने उचलला. त्यांना मारहाण सुरू झाल्याचं कळलं तेव्हा आपल्या दोघींच्या तोंडचं पाणी पळालं. आणि हे म्हणजे झुरळ दिसलं तर स्टुलावर चढणारा माणूस हो! सकाळी उठले, केस विंचरले, लग्नातसुद्धा नीट विंचरले नव्हते इतके नीट विंचरले, आणि म्हणाले, दोन शब्दांपायी एवढी माणसं मार खातायत, आता दुसरं काय करणार. मी आडवी पडले, तुम्ही दार धरलंत. ऐकतात कुठे. चपला घालताना उंबऱ्यात मला एक वाक्य बोलले, ते मी आज लिहीत नाही. आणि लंगडत चौकीवर गेले. ज्या माणसाला जन्मात उजवं-डावं कळलं नाही, छपाईचा फर्मा उजवीकडे सरकवा म्हटलं की डावीकडे सरकवायचा, तो लंगडण्याचं सोंग करत गेला. बाकीचे सगळे लंगडे संध्याकाळपर्यंत सुटून घरी आले.

ह्यांना गोळी घालणार असं कळल्यावर आपण लगेच पत्रक काढलं: मास्तर सुखरूप आहेत, पोलिसांनी भलत्याच माणसाला धरलं आहे. गोळी टळली. ताप टळला नाही. आता तेच पत्रक ह्या प्राध्यापकाने पुरावा म्हणून लावलंय. ह्यांना वाचवायला जी ओळ छापली, तिनेच ह्यांना वेडसर ठरवलं.

आणि उठाव जिंकल्यावर आपण गप्प बसलो, असंही नाही. तेव्हाच्या पुढाऱ्यांकडे गेलोच होतो. त्यांनी हात जोडून सांगितलं, की लोकांना सध्या मास्तर हवेत, खरं काय ते पुढच्या वर्षी सांगू. ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही, आणि पुढारीही वर गेले.

तेव्हा वन्सं, पायात चांगल्या चपला घाला आणि त्या सभेत जाऊन खरं सांगून या. मास्तर गेले खड्ड्यात. मला त्या मुंगीएवढ्या अक्षरांतून माझा माणूस बाहेर काढून द्या. दुसरं काही मागत नाही.

गुडघ्यांना तेल लावा. उत्तर येईपर्यंत माझा लोभ दाराशी उभा आहे.

तुमची,
वहिनी


२२ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. (यावेळी नमस्कार बसूनच. सभेत उभी राहून पाय गेले.)

गेले, बोलले, आणि फजिती करून घेऊन घरी आले.

आरशासमोर तालीम करून गेले होते. अध्यक्षांनी विषय काढल्याबरोबर उठले आणि स्वच्छ सांगितलं, की मास्तर नावाचा माणूस या गावात कधी नव्हता. तो आम्ही नणंद-भावजयींनी पान भरायला छापला, आणि जो त्याच्यासाठी मेला तो माझा भाऊ, तुमच्या पुस्तकातला वेडसर कामगार. मला वाटलं, झालं, लागला निकाल.

तेवढ्यात प्राध्यापक उठले आणि त्यांनी मला स्वतःची खुर्ची आणून दिली. कोणीतरी पाणी आणलं. अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन मोठ्याने विचारायला लागले, की आजी, घरी कोणी आहे का सोबतीला? अगं, मला आजी म्हणणारा हा बाबा माझ्यापेक्षा जेमतेम सहा-सात वर्षांनी लहान! हेडबाई तर फणकारल्याच. म्हणाल्या, मास्तर नव्हते तर मला गणित कोणी शिकवलं? मी म्हणणार होते, की कोणीच नाही, पण जीभ चावली.

प्राध्यापक वाईट नाहीत गं, तेच तर दुखणं आहे. वाईट असते तर भांडता आलं असतं. माझा हात हातात घेऊन म्हणाले, की एवढ्या मोठ्या काळातून गेलेल्या माणसांच्या मनात घडलेलं आणि कल्पलेलं यांची सरमिसळ होते, त्यात कमीपणा नाही. मग त्यांनी वही काढून माझं सगळं बोलणं लिहून घेतलं. मला आशा वाटली. वर काय लिहिलंय म्हणून डोकावले, तर 'लोककथेचा नवा पाठभेद'. आयुष्यभर लोकांची प्रुफं तपासली आणि शेवटी मीच पाठभेद झाले.

सगळ्यात वाईट वाटलं ते वखारीतल्या आजोबांचं. ते माझ्या शेजारी येऊन बसले, आणि हळूच विचारलं, की मग माझ्या ओंडक्यांत कोण होतं? खरंच कोण होतं गं? कोणीतरी असेलच बिचारं. त्या दिवसांत लपणाऱ्यांची काय कमी होती.

माझ्यामुळे सभेचा खोळंबा झाला तो भरून काढायला लगेच पायाचं भांडण पुन्हा सुरू. न्हावी शपथेवर सांगतो, की सकाळची वेळ, गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण, आणि दुकानासमोरून मास्तर चौकीकडे गेले. उजवा पाय ओढत होते, मानेला शाईचा डाग होता. बेकरीवाल्या बाई वळणापलीकडच्या, त्या म्हणतात शाईचा डाग होता हे खरं, पण मी पावाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते आणि पाय डावाच. एका सदस्याने तोडगा काढला, की दोन्ही पाय लंगडे दाखवा. पुतळा घडवणारी पोरगी कोपऱ्यात बसली होती. तिने विचारलं, मग हे उभे कसे राहणार?

मी तशीच उठून आले. वहिनी, तू एक गोष्ट मागितलीस आणि ती मला आणता आली नाही. दादासाठी रडायला आता येणार नाही असं वाटत होतं, पण घरी येऊन चांगली हमसून रडले. मग चहा केला.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिहून रागाव.

तुझी,
पाठभेद


१ मार्च

प्रिय वन्संस,

स. न. वि. वि. (रडणं आवरलं असेल तर पुढे वाचा.)

तुम्हाला डोकं दिलंय ते काय नुसतं केस विंचरायला? एवढी सोन्यासारखी बातमी पत्राच्या शेवटी टाकलीत आणि वर रडत बसलात!

त्या सकाळी मी खिडकीत उभी होते. दार तुम्ही धरून बसला होतात, म्हणून तुम्हाला रस्ता दिसला नाही. मला दिसला. हे न्हाव्याच्या दुकानावरून वळणापर्यंत उजवा पाय ओढत गेले. वळणावर एक सायकलवाला आडवा आला. हे थांबले, त्याला वाट दिली, आणि परत निघाले ते डावा पाय ओढत. मी खिडकीतून हातवारे केले, अहो पाय, पाय! त्यांनी वळून पाहिलं आणि मला वाटलं की समजलं, तर उलट हात हलवून निरोप घेतला. आणि वन्सं, मला हसू आलं. माझं माणूस मरायला चाललं होतं आणि मी खिडकीत तोंड दाबून हसत होते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, कारण ते ऐकून कोणी हसलं असतं तर मी त्याला उभा चिरला असता.

तेव्हा न्हावीही खरा आणि बेकरीवाल्या बाईही खऱ्या. मानेवरचा डाग तर मी रोज घासायची, कधी गेला नाही. बाकीच्यांनी ओंडक्यांत आणि ताटावर काय पाहिलं ते पाहिलं, पण ज्या दोघांनी मास्तरांना डोळ्यांनी चालताना पाहिलं, त्या दोघांनी ह्यांना पाहिलंय. म्हणजे मास्तर होतेच की. वळणाच्या अलीकडे आणि पलीकडे, जेवढे काही होते तेवढे हेच होते.

आता ऐका. खरं बोलून झालं, पाणी पाजून घरी पाठवलं ना? मग आपल्याला जे काम येतं ते करू. पुतळ्याला पाय दोन सापडलेत, चेहरा एकही नाही. जागा रिकामी आहे, भरा.

सोबत फोटो पाठवतेय. आमच्या लग्नानंतर स्टुडिओत काढलेला, ह्यांचा एवढा एकच. मी माझ्या बाजूने कातरीने स्वतःला कापून टाकलंय. हात थरथरला, म्हणून ह्यांच्या खांद्यावर माझी तीन बोटं राहून गेली. ती काढायला गेले तर खांदाही गेला असता. कोणी विचारलं तर काहीतरी जुळवा, तुम्हाला काय शिकवायचं?

फोटो जपून. मी दिला तसा परत हवा, लोभ काय नंतरही देता येईल.

तुमची,
वहिनी


१८ एप्रिल

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. (आज साष्टांग खराखुरा घातला. उठायला शेजारणीला बोलवावं लागलं.)

तुझ्या अकलेपुढे मी हात टेकले. सविस्तर लिहिते.

अध्यक्षांच्या खोलीत फोटो टेबलावर ठेवला आणि बेधडक सांगितलं, की छापखान्याची फळी काढताना मागे सापडला, पाठीवर मास्तर असं लिहिलेलं होतं, पण ते वाळवीने खाल्लं. दादा जन्मभर मशीनमागेच, त्याचा चेहरा कोणाच्या लक्षात असणार! कोणी हूं की चूं केलं नाही. खरं सांगितलं तेव्हा पाणी मिळालं होतं, खोटं सांगितलं तर चहा आणि बिस्किटं आली. प्राध्यापक तर फोटोला शिवायलासुद्धा धजेनात. परवा ज्या बाईला ते हळुवार आवाजात समजावत होते, तिलाच आता ताई, ताई करत होते.

मग न्हाव्याला बोलावलं. त्याने चष्मा लावला, फोटो उचलून उजेडात धरला. हेच, म्हणाला, याच मानेवर डाग होता. बेकरीवाल्या बाईंनी तर फोटो पाहताच त्याला वाकून नमस्कार केला. म्हणाल्या, त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली होती, मी मेलीने भीतीने दार लावून घेतलं. इतकी वर्षं पायावरून भांडणारी ती दोघं एकाच रुमालाला डोळे पुसत होती. वखारीतले आजोबा मात्र ठाम, माझ्या ओंडक्यांतले मास्तर जाड होते म्हणाले. अध्यक्षांनी समजूत घातली, की लाकडांत अंधार असतो.

प्राध्यापक पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढतायत. फोटोला अख्खं पान दिलंय. आणि ऐक, ती तळटीप गेली! मी मुद्दाम प्रूफ मागून घेतलं. का काढली विचारलं, तर म्हणाले, फोटोचं पान आल्यामुळे मजकूर सरकला, जागा पुरेना, म्हणून ते बिनमहत्त्वाचं उडवलं. मी इतकी हसले, की त्यांनी पुन्हा पाणी मागवलं.

आता पुतळ्याचं. मी रोज दुपारी त्या पोरीच्या शेडमध्ये जाऊन बसते. पोरगी कमी बोलते, काम चोख. दादाचा तो दुमडलेला डावा कान तिने हुबेहूब उचललाय. पायाचं काय केलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, दोन्ही साक्षीदार खरं बोलतायत असं धरून चाललेय, म्हणजे मध्ये कुठेतरी हे थांबले असणार. तेव्हा थांबलेलेच दाखवते. मग तिने विचारलं, की खांद्यावरची बोटं ठेवू की काढू? मी म्हटलं, ठेवता आली तर ठेव बाई. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, कोणाची म्हणून विचारलं नाही आणि मातीचा गोळा उचलला. पुतळा समितीला ती बोटं दिसली तेव्हा प्राध्यापकांनी सांगितलं, की हा जनतेचा हात आहे. तू आता जनता झालीस, जरा बेताने वाग.

एक काम राहिलंय. चौथऱ्यावरच्या पाटीचा मजकूर प्राध्यापकांनीच लिहिलाय. महान, अमर, तेजस्वी, सगळं आहे. पाथरवटाने मोजून पाहिलं तर खाली एक ओळ रिकामी राहते. तो म्हणतो ते काही बरं दिसत नाही. समितीने विचारलं, मास्तरांचं एखादं वचन कोणाला आठवतं का? मी म्हटलं, छापखान्याच्या कागदांत असेल, शोधून देते.

वहिनी, पान भर लवकर. पाथरवट खोळंबलाय.

तुझी,
नणंद


२४ एप्रिल

प्रिय वन्संस,

स. न. वि. वि.

लिहून घ्या: "मला उशीर झाला तर जेवून घे, थांबू नकोस."

उंबऱ्यात चपला घालताना बोलले होते ते हेच. त्याहून मोठं काही बोलायचं ह्यांना सुचायचं नाही. बसतंय का ओळीत बघा. बसत नसेल तर त्यांचा एखादा तेजस्वी काढा, ह्यातला शब्द काढू देऊ नका.

मी येतेय. तुमच्या भाच्याला सांगितलंय, की आत्याचे गुडघे बघायला चाललेय.

तुमची,
वहिनी


२० मे

प्रिय वन्संस,

स. न. वि. वि. (चार दिवस तुमच्या घरी राहून तुम्हाला भरपूर पिडलं, तरी नमस्काराची सवय सुटत नाही.)

सुखरूप पोचले. फोटो नीट आहे. फ्रेम तुम्ही फार महागडी केलीत, ह्यांना संकोच वाटत असेल.

तिथे असताना धड बोलणं झालं नाही, सतत कोणी ना कोणी येत होतं. म्हणून आता लिहिते. समारंभात तुम्हाला पहिल्या रांगेत हार घालून बसवलं आणि मला मागच्या रांगेत, शाळेच्या पोरांजवळ, ते बरंच झालं. प्राध्यापकांनी त्या ओळीवर केवढं भाषण ठोकलं! जेवून घे म्हणजे शस्त्रं गोळा करा, उशीर झाला तर म्हणजे मदत आली नाही तर, आणि थांबू नकोस हा तर म्हणे क्रांतीचा आदेशच, सांकेतिक भाषेतला. माझ्या पुढची दोन पोरं कुजबुजत होती, की ह्यात कसली सांकेतिक भाषा, आमचे बाबा रोज फोनवर आईला हेच सांगतात. मी त्यांना माझ्या पिशवीतल्या गोळ्या दिल्या.

सगळी माणसं पांगल्यावर तुम्ही अध्यक्षांना बोलण्यात गुंतवलंत आणि मला जवळ जाता आलं. तुम्हाला ते जमतं, त्याबद्दल जन्मभराची ऋणी आहे. कान तोच आहे वन्सं, आणि त्या पोरीने ओठांच्या कडेला ते बावळट हसूही पकडलंय. सायकलवाल्याला वाट देऊन पुढे निघायच्या बेतात असल्यासारखे उभे आहेत. मी म्हटलं, अहो, आता तरी पाय सांभाळा. खांद्यावरच्या बोटांवर माझी बोटं ठेवून पाहिली. जराशी जाड झालीत, पण माझीच आहेत.

नाव कुठेच नाही ह्यांचं. मला वाटलं होतं त्याचं वाईट वाटेल. पण नावाने मी त्यांना कधी हाक मारली होती? न्हाव्याने रोज दुकान उघडताना पुतळ्याची मान पुसायचं मनावर घेतलंय, बेकरीतून रोज ताजा पाव येऊन चौथऱ्यावर पडतो, आणि तो कावळे खातात. झुरळांना घाबरणाऱ्या माणसाला एवढं पुष्कळ झालं.

आता एक सांगते आणि पत्र पुरं करते. त्या दिवशी मी जेवले नव्हते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ताट झाकून ठेवलं होतं. पण मग पुढेही, इतकी वर्षं, ताटावर बसलं की पहिला घास हातात घेऊन मी दाराकडे बघते. खायची तशी खाते, पण बघून खाते. सूनबाईला वाटतं मला दारातून वारा लागतो, म्हणून ती उठून दार लावते.

काल घरी पोचले. तुमच्या भाच्याचा फोन आला, की काम निघालंय. सूनबाईने विचारलं, त्याच्यासाठी थांबायचं का? मी म्हटलं, वाढ गं. त्याला उशीर होणार आहे.

माझं ताट मी उचलून पलीकडच्या बाजूला ठेवलं. दाराकडे पाठ करून बसले आणि पोटभर जेवले.

गुडघ्यांना तेल लावत जा. लोभाचं काय, तो आहेच, तुम्हीही जेवायला थांबू नका.

तुमची,
वहिनी